सुरयांसाठी खणलेला चर

आमच्या धरणाच्या मधोमध एक लांबट टेकाड आहे. पावसाळ्यात ते बुडतं. दिवाळीनंतर त्याची पाठ वर येते, आणि उन्हाळा चढला की पाणी इतकं मागे हटतं की टेकाड काठाला येऊन जोडलं जातं. फेब्रुवारीत ते बेट असतं, एप्रिलअखेर पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ होते. त्या जिभेच्या टोकावर नदी सुरय वीण करतात. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी, पाण्यावर घिरट्या घालून मासा उचलणारा पक्षी. त्याचं घरटं म्हणजे मुरमातला खळगा, त्यात दोन-तीन अंडी. भोवती पाणी आहे तोवर पिल्लं सुरक्षित. जमीन जोडली गेली की कुत्रं चालत जाऊ शकतं. पिल्लांना पंख आधी फुटतात की वाट आधी उघडी पडते, एवढाच प्रश्न दरवर्षी असतो.

मी मोताळ्यात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. दिवसभर पेशी मोजायची सवय, त्यामुळे पक्षी मोजणं अवघड गेलं नाही. आधी फक्त रविवारी सकाळी दोन तास धरणावर यायची. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि तेवढे दोन तास नवरा त्यांच्याजवळ बसायचा. यंदा जानेवारीत त्या गेल्या. तेराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई." नवरा म्हणाला, "आता रोज जात जा धरणावर." मी रोज जायला लागले. हिवाळी पाहुणे अजून होते. पट्टकदंब हंस होते, चक्रवाक होते, काठाच्या चिखलात तुतवार पळत होते. मी आकडे लिहिले. पूर्वी आकड्यांशेजारी काहीबाही लिहायची, कोण कोणाशी भांडलं, कोण एकटं बसलं होतं. यंदा ते सुचलं नाही. मार्चमध्ये हंस गेले. रिकामं पाणी बघून दरवर्षी जे वाटायचं तेही वाटलं नाही. सुरय आले, ते लिहिलं. चौतीस घरटी.

पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. टेकाडासमोरच्या गाळात यंदा एका जोडप्यानं टरबूज लावलं होतं. हंगामभर दोघं तिथेच झोपडी घालून राहत. बाई माझ्याच वयाची, पन्नाशीला आलेली. पहिल्या दिवशी मी दुर्बीण लावून उभी होते तेव्हा ती खुरपं घेऊनच जवळ आली.

"काय पायता मॅडम रोज रोज? मले तं वाटलं, धरणवाल्यायची बाई हाय, आमाले उठवाले आली."

"पक्षी बघते, ताई."

"पक्षी? हे बगळे?"

"बगळे नाहीत, सुरय आहेत."

"पांढरं ते बगळंच," तिचा नवरा पलीकडून म्हणाला. "बाईले नाद लागला म्हंजे लागला. माह्या सासूले बी होता, मंगळवारचा बाजार पायाचा. घेत काईच नव्हती."

"तुमच्या सासूचं नाव घेऊ नका, तिनंच तुमाले पोरगी देली," ती म्हणाली आणि दुर्बीण मागून घेतली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाव, टोपी हाय याले."

त्यांच्याकडे एक कुत्री होती, एक कान फाटलेली. दिवसा झोपडीच्या सावलीत पडलेली असायची, रात्री मोकळी. रानडुकरं टरबुजाच्या मागावर असतात, आणि एकदा कळप शिरला की सकाळी वेलच उरत नाही. कुत्रीमुळे डुकरं बांधापलीकडेच थांबत. तिला कोणीतरी पिल्लू असताना धरणात फेकून दिलं होतं. या बाईनं तिला बाहेर काढलं. तेव्हापासून ती पाण्याला पाय लावत नसे. माझ्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट होती.

एप्रिलच्या मध्याला टेकाड आणि काठ यांच्यामध्ये घोटाभर पाणी उरलं. अंडी फुटायला नुकतीच लागली होती. पिल्लांना उडायला अजून चार आठवडे तरी हवे होते. रात्री कुत्री बांधाल का, असं मी विचारून पाहिलं.

"कुत्री नाई बांधत म्या," बाईचा नवरा म्हणाला. "तुमचे पाखरं जगतीन अन् माह्यं वावर मरन."

ते बरोबर होतं. मी दुसरं सुचवलं. जिथे जमीन जोडली जाते त्या अरुंद जागेवर आडवा चर खणायचा. सात-आठ पावलं रुंद, कमरेइतका खोल. दोन्ही बाजूंनी धरणाचं पाणी आत येईल, कुत्री ओलांडणार नाही.

"पाखरासाठी चर?" बाई हसायला लागली. "लोकं सोयऱ्यासाठी खंदत नाईत, मॅडम."

पण खणला. मी दोन मजूर आणले आणि ही दोघंही आली. गाळ मऊ होता, तीन सकाळींत काम झालं. शेवटच्या दिवशी कुत्री चराच्या काठावर येऊन भुंकली आणि परत गेली. बाई म्हणाली, "पायलं? शिकेल हाय ते."

चर आठवडाभर छान चालला. मग धरणाची पातळी अजून खाली गेली आणि चराची दोन्ही तोंडं उघडी पडायला आली. आतलं पाणी निसटलं असतं. मी व्यवहारी बाई आहे. दोन्ही तोंडांना चिखलाचे बांध घातले, पायांनी तुडवून पक्के केले. काळा गाळ, थेंब झिरपत नव्हता. बाहेर धरण आटत होतं आणि आमचा चर काठोकाठ भरलेला राहिला. मला वाटलं, काम झालं.

तीन दिवसांनी सकाळी सहाला पोचले तर सगळे सुरय हवेत होते. एकही बसलेला नव्हता, आणि आवाज दुरूनच ऐकू येत होता. चर कोरडा होता. तळाच्या ओल्या गाळात कुत्रीच्या पावलांची रांग होती, जाताना एक, येताना एक.

मी टोकाकडे गेले. मोजायला सुरुवात केली. बहुतेक पिल्लं खाल्लेली नव्हती, नुसती चावून टाकलेली होती. काही आठ-दहा दिवसांची, काही कालची. लॅबमध्ये काचपट्टी सरकवावी तशी मी एका खळग्याकडून दुसऱ्याकडे सरकत गेले. एक्केचाळीस झाली. एका सुरयानं डोक्यावर दोनदा चोच मारली, तेव्हा पदर डोक्यावर घेतला आणि पुढे मोजत राहिले. अगदी टोकाला, दगडांच्या फटींत, नऊ जिवंत सापडली.

परत आले तेव्हा बाईचा नवरा पाणी ओढायच्या इंजिनाजवळ उभा होता. इंजिनाचा पाइप अजून चरातच पडलेला होता.

"तुम्ही चराचं पाणी ओढलंत?"

"हाव. काल संध्याकाळी." त्याला कळेना काय झालं ते. "धरण लय दूर गेलं, पाइप पुरत नाई. हे पाणी वावराच्या दाराशी. काऊन, काय झालं?"

"ते पक्ष्यांसाठी होतं."

"चर पाखरासाठी होता, ते मले ठाऊक हाय. पण मंग तुमी दोन्हीकून बांध घातले ना! मले वाटलं पाणी आमच्यासाठी अडवलं. म्हनलं, आमी खंदू लागलो, त्याची मॅडमनं जाण ठेवली." तो बायकोकडे वळला. "म्हनलो होतो का नाई तुले? बाई चांगली हाय म्हनून?"

बाई चराकडे बघत होती. पावलं तिला दिसली होती.

गाळपेरीत साठलेलं पाणी पिकासाठीच असतं. दुसऱ्या कशासाठी कोणी गाळात बांध घालत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, किंवा निदान तोंड उघडून सांगायला हवं होतं. मी बांध घातले त्या दिवशी तो वीस पावलांवर खुरपत होता आणि मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. हल्ली मी कोणाशीच कामापलीकडे बोलत नव्हते.

चर पुन्हा भरणं शक्य नव्हतं, धरणाचं पाणी त्याच्या तळाखाली गेलं होतं. मी वहीत लिहिलं: मृत ४१, जिवंत ९. गाडीला किक मारली आणि सकाळच्या रिपोर्टांना वेळेवर पोचले.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "वाईट वाटलं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं वाटलं. त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि वरण वाढून घेतलं.

चार दिवस मी धरणावर गेले नाही. पाचव्या दिवशी गेले ती शेवटचा आकडा लिहून वही बंद करायला. शून्य असणार हे धरूनच चालले होते.

झोपडीशी कुत्री साखळीनं बाजेला बांधलेली होती. वावराची खालची बाजू उद्ध्वस्त होती. वेल उपटलेले, टरबुजं फुटलेली, लाल गरावर माश्या. बाई फुटलेली टरबुजं टोपल्यात भरून कडेला नेत होती.

"डुकरं?"

"दोनदा येऊन गेले."

"कुत्री कधीपासून बांधली?"

"त्याच दिसापासून." तिनं टोपलं खाली ठेवलं. "आमचे हे लय बोलले मले. तरी बांधली."

"का पण?"

"तुमी काई बोलल्याच नाई म्हनून. भांडल्या असत्या, दोन शिव्या देल्या असत्या, तं नसती बांधली. म्या बी देल्या असत्या चार. पण तुमी तं हिशेब लेहला अन् गेल्या. माह्या जिवाले लागलं ते."

मला लाज वाटली. जानेवारीपासून काही वाटलं असेल तर ते हेच, आणि तेही फार वेळ टिकलं नाही, कारण काम समोर होतं. टोकावर जाऊन आले. नऊपैकी सहा होती. अजून दहा-बारा दिवस हवे होते, आणि टरबूज उतरायलाही तेवढेच.

त्या दुपारी लॅब मदतनीस मुलीवर सोडली आणि गल्लीतून जुन्या साड्या गोळा केल्या. माझ्या अकरा, शेजारणींच्या मिळून तीसेक. रानडुकराला हलणारा कपडा आवडत नाही. आमच्याकडे अर्ध्या वावरांना साड्यांचं कुंपण असतं, पण गाळपेर तीन-चार महिन्यांची, म्हणून तिथे कोणी एवढा खटाटोप करत नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी काठ्या रोवून साड्या ताणल्या.

बाई एकेक साडी हातात घेऊन पोत बघत होती. "हे कोणाची? इतकी चांगली साडी डुकराले?"

"आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंची."

"मंग हे नाई लावत म्या. हे माह्या सुनेले." तिनं ती घडी करून झोपडीत टाकली आणि बदल्यात स्वतःचं एक विटलेलं लुगडं आणलं.

तिचा नवरा काठ्या ठोकता ठोकता म्हणाला, "आता डुक्कर येईन तं वावरात लगीन हाय समजून जेवाले बसन."

डुकरं त्यानंतर एकदाच आली, आणि एका कोपऱ्यातले चार वेल उपटून गेली. कुत्री दिवसरात्र बांधलेलीच राहिली, भुंकून भुंकून तिचा आवाज बसला. सहापैकी दोन पिल्लं घारीनं नेली. एक दगडाजवळ मेलेलं सापडलं, कशानं ते कळलं नाही. उरलेली तीन मेच्या मध्यात पाण्यावर गेली. शेवटचं उडालं तेव्हा बाई माझ्याजवळ होती, दुर्बीण तिच्याकडे. ते दोनदा खाली बसलं, तिसऱ्यांदा बसलं नाही.

"गेलं," ती म्हणाली.

मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. चौतीस घरट्यांतून तीन पिल्लं. मी तसं वहीत लिहिलं, आणि खाली यंदा पहिल्यांदाच चार ओळी जास्त लिहिल्या: बांध मी घातले, सांगितलं नाही, कुत्री कोणी बांधली आणि त्यात किती टरबुजं गेली.

"मंग सोडू का आता इले?" बाईनं विचारलं.

"सोडा."

तिनं साखळी काढली. कुत्रीनं अंग झाडलं आणि सरळ कोरड्या चरातून टोकाकडे पळत गेली. दगडांमध्ये नाक घालून बराच वेळ हुंगत राहिली. तिथे आता काही नव्हतं. मग ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली, थांबली, आणि उन्हातून हळूहळू चालत परत आली.