भवानी पेठेतले तीन मॉनिटर

नोकरीत बरेच तपास केले, त्यातले बहुतेक विसरलो. भवानी पेठेतला हा एक मात्र विसरता येत नाही. चोर सापडला होता, तरी चूक माझी होती.

शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेच्या संगणक कक्षातून सहा मॉनिटर गेल्याची फिर्याद आली. कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे चोराकडे किल्ली होती. दोन दिवसांनी आमचा खबऱ्या आला. तो रिक्षा चालवायचा.

"साहेब, भवानी पेठेत एका माडीवर एकसारखे तीन टीव्ही लावल्यात. दिवसभर लाल-हिरव्या रेघा पळत्यात. सट्टा हाय का काय, बघा की."

हवालदाराला घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर. वडील सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, मुलगी बी.कॉम. झालेली आणि घरूनच शेअरची खरेदी-विक्री करणारी. टेबलावर एकाच कंपनीचे तीन मॉनिटर, मॉडेल फिर्यादीतलंच, मागचे स्टिकर खरवडलेले. मी कपाट, पेट्या, गाद्या, सगळं उलटंपालटं करून घेतलं.

"एका माणसाला तीन मॉनिटर कशाला लागतात?"

"एकावर भाव, एकावर आलेख, एकावर ऑर्डर," मुलगी म्हणाली. "एकाच स्क्रीनवर मागं-पुढं करत बसलं की भाव निसटतो, साहेब."

"मग नवे का नाही घेतले?"

"बजेट न्हवतं. स्क्रीन जुना चालतो, पण सीपीयू मधेच बंद पडला तर सौदा अडकतो. म्हणून ऑफिसातला वापरलेला, चांगल्या कंपनीचा सीपीयू घेतला. त्यात हार्डडिस्क नवी टाकली, तीन मॉनिटर जोडता येतील असं कार्ड बसवलं, वर यूपीएस. मॉनिटर तिन्ही एकाच मॉडेलचे, म्हणजे उंची आणि रंग सारखा राहतो, डोळे दुखत न्हाईत. दुकानात तीन तास चालू ठेवून बघितलं आणि मग घेतले."

चोरीचा माल घेणारा माणूस सहसा अडखळतो. ही कुठेच अडखळत नव्हती, म्हणून मला जास्तच संशय आला. कुणीतरी पढवलंय, असं मी ठरवून टाकलं. बिल मागितलं तर साध्या कागदावरचा एक चिटोरा पुढे आला. त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, घेणारा म्हणून वडिलांचं होतं.

मॉनिटर आणि बापलेक, सगळ्यांना ठाण्यात आणलं. बाप बाकावर बसून होता.

"साहेब, दोन म्हैन्यांनी रिटायर हाय मी," तो म्हणाला. "आत टाकलं तर सस्पेंड करत्यात. पेन्शन अडकंल."

ते मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबन ठरलेलं. "मग खरं सांग," एवढंच मी म्हणालो आणि चिटोरा घेऊन, मुलीने सांगितलेल्या दुकानदाराकडे गेलो.

दुकान झकपक होतं. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला. "सीपीयू मीच दिला, साहेब. मॉनिटर त्यांनी कुठून आणले, मला ठाऊक नाही. हे अक्षरही माझं नाही." त्या शाळेचं नाव काढलं तर म्हणाले, "ती शाळा मी बघितलेलीसुद्धा नाही." माणूस सभ्य वाटला. परत येताना बापाच्या अटकेचे कागद मनात तयार होते.

पंचनामा करताना हवालदाराने एक मॉनिटर आडवा केला आणि त्याचं बोट लाल झालं. स्टँडच्या बुडाला, खाचेत, हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं होतं. तिन्ही मॉनिटरना, त्याच जागी.

"पूजा केली होती वाटतं?" मी मुलीला विचारलं.

उत्तर बापाने दिलं. "साहेब, आमी बौद्ध. आमच्यात हळदकुंकू लावत न्हाईत."

सकाळी त्यांच्या घरी, टेबलामागच्या भिंतीवर मी बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो पाहिला होता. पाहिला आणि पुढे गेलो होतो. तपासात ते कामाला येईल, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

मुख्याध्यापिकेला आणि शाळेच्या शिपायाला बोलावलं. कुंकू बघताच शिपायाने मान खाली घातली. "खंडेनवमीला लावतो, साहेब. म्याडमनी बंदी केलीया, कुंकवानं मशीन बिघडतं म्हनत्यात. पर वर्षाचा सण. म्हनून कुणाला दिसणार न्हाय असं बुडाला लावतो."

माल शाळेचा, हे पक्कं झालं. विकला कुणी, हे राहिलं होतं. शेठना ठाण्यात बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"शेठ, त्या तीन मॉनिटरवर कुंकू सापडलं. खंडेनवमीचं. माल शाळेचाच."

"शक्यच नाही, साहेब," ते घाईघाईने म्हणाले. "त्या शाळेत कॉम्प्युटरला कुंकू लावूच देत नाहीत. बाई ओरडतात. हे मॉनिटर त्यांचे नव्हेतच."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "शाळा बघितलेलीसुद्धा नाही म्हणालात ना?"

पुढे वेळ लागला नाही. पूर्वी दुसऱ्याच्या हाताखाली ते त्या शाळेत दुरुस्तीला जायचे, तेव्हाच किल्लीची नक्कल केली होती. उरलेले तीन मॉनिटर त्यांच्या गोदामात मिळाले. समोरून लख्ख पुसलेले, बुडाला कुंकू तसंच.

बापाचं नाव आरोपीत गेलं नाही, साक्षीदारात गेलं. दोन महिन्यांनी तो सन्मानाने निवृत्त झाला. मॉनिटर मात्र मुद्देमाल म्हणून जमा झाले. मुलगी जबाबावर सही करायला आली तेव्हा मीच म्हणालो, "पुढच्या वेळी पक्कं बिल घे. एवढं सगळं तपासलंस, तेवढंच राहिलं."

"व्हय, ते चुकलंच माझं," ती म्हणाली. सही केली, पेन परत दिलं. "पण साहेब, आमच्या घरी तुमी आल्या आल्या गाद्यासुद्धा उलट्या केल्या. त्यांच्या दुकानात मात्र आधी चहा घेतला."

चहाचं तिला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. संशय घेणं हे आमचं कामच आहे, त्याची मला लाज नाही. पण तो कुणावर आधी घ्यायचा हे मी तपास सुरू होण्याआधीच ठरवलेलं होतं, आणि ते तिने मला पकडून दाखवलं. तिच्या त्या वाक्याची नोंद स्टेशन डायरीत कुठेच नाही. म्हणून इथे केली.