मोजणीत नाना भरले होते

भूतखेत, करणी-बिरणी मी मानत नाही. आजही नाही. आमच्या जळगावच्या मेहरूणमध्ये कुणाला 'हवा लागली' की मी आधी शुगर तपासायला पाठवतो. तेव्हा हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून.

मी सुदानमध्ये एका गोदामात लोडिंग सुपरवायझर होतो. धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे नाना आमच्या मेसचे स्वयंपाकी — साठीचे, शुगरचे पेशंट. लढाई पेटली तेव्हा निरोप आला, बंदरापर्यंत बसने या, तिथून आपल्या हवाई दलाचं विमान नेईल. माणसं एकेचाळीस, मोजायचं काम माझ्याकडे.

जळगावात ट्रक भरताना शिकलो तसंच मोजायचो... प्रत्येकावर हात ठेवून, आणि पहिल्याला 'एक' नाही, 'बरकत' म्हणायचं. बरकत, दोन, तीन. पोरं चेष्टा करायची, "चाचा, आम्ही काय केळीची खोकी?"

दुपारी एका पेट्रोल पंपावर थांबलो. जवळच गोळीबार सुरू झाला, सगळे पळत बसमध्ये. मी मोजायला लागलो. शेवटच्या सीटवर नाना. खांद्यावर हात ठेवून विचारलं, "नाना, औषध घेतलं?"

"लिधं रे. चाल आते."

एकेचाळीस. मी ड्रायव्हरला सांगितलं, बस निघाली.

तासाभराने अनोळखी नंबरवरून फोन. पंपावरच्या कुणाचा तरी मोबाईल घेऊन नाना बोलत होते. "इक्बालभाऊ, माले सोडीसन गयात का रे?"

मागे पाहिलं — सीट रिकामी. त्या सीटशेजारचा म्हणाला, आत्ता तर इथेच होते.

ड्रायव्हर परत फिरायला तयार होईना. विमान चुकलं तर चाळीस जण अडकणार होते. मी रडलो, त्याचे पाय धरले. शेवटी वळवली बस. नाना पंपामागच्या संडासाजवळ भिंतीला टेकून बसले होते. गोळीबार ऐकून तिथेच लपले, बसपर्यंत आलेच नव्हते.

विमान मिळालं. दारात जवानाने मोजलं, एकेचाळीसच.

लोक म्हणतात, घाबरून चुकलास. चुकलो असेन. पण माझ्या हाताखालचा खांदा घामाने ओला होता.

नाना आता धुळ्यात असतात. ईदला बिनसाखरेचा शिरखुर्मा घेऊन जातो. टाकून गेलो म्हणून ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटते. यंदा मात्र त्यांनी बसमधल्या त्या आवाजाबद्दल विचारलं, "आवाज मनाच व्हता?"

"तुमचाच, नाना. तुम्ही 'चाल' म्हणालात म्हणून तर बस सोडली."

नानांनी शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग मीच माले सोडी गयू का रे?"