साडूच्या फेऱ्या

तर काल गोष्ट थांबली तेव्हा शिंपी दवाखान्यात पलंगावर आडवा होता आणि त्याचा साडू, तो घड्याळं दुरुस्त करणारा, वॉर्डात ऐटीत फेऱ्या मारत होता. आदल्याच दिवशी दोघांच्याही आतड्याचा तुकडा कापून काढलेला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही विचारलं होतं, "पोटाच्या दोन्ही बाजूंना सुई देऊन तिथल्या नसा बधिर करू का? दुखणं कमी राहील, लवकर उठाल." साडू लगेच हो म्हणाला. शिंपी म्हणाला, "चांगल्या कापडाला जास्तीची भोकं कशाला?"

आता त्याला नुसतं खोकलं तरी ब्रह्मांड आठवत होतं. दुखणं दाबायच्या गुंगीच्या औषधानं पोट सुस्तावून ढोलासारखं फुगलेलं. अन् साडूला? त्याला वायू सरला म्हणून सकाळीच चहा मिळाला! शिंप्याचा जळफळाट झाला.

"काय साडू, अजून लोळताय?" चौथ्या फेरीला घड्याळवाल्यानं कप उंचावून विचारलं. "आमच्या मेहुणीला काय सांगू, नवरा झोपलाय म्हणून?"

शिंप्यानं डोळे मिटून घेतले. साडू पुढं गेल्यावर तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, ती सुई अजूनही देता येते. देऊ?"

शिंप्यानं साडूच्या ताठ पाठीकडं पाहिलं.

"द्या. पण आधी पडदा ओढा. अन् त्याला सांगा, शिंपी आपल्या दमावर उठला."