जबल जैसच्या पायथ्याशी दिलेला होकार

नोरा आणि मी अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीन वर्षं एकत्र काम करतोय, पण ती कधी आमच्याबरोबर फिरायला आली नव्हती. त्या आठवड्यात स्वतःहून म्हणाली, "मला कुठेतरी उंचावर घेऊन चल." म्हटलं, चला, रास अल खैमाला जाऊ, जबल जैस डोंगरावर.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. ३११ हायवेने तीन तास धरा. उशीर केलात तर शारजाजवळ अडकून पडाल. डब्यात घावन आणि जवळ्याची चटणी होती. आमचे सलीम गाडी चालवता चालवता खातात आणि स्टिअरिंग चिकट झालं की माझ्यावरच करवादतात.

नोरा फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटावरची. तिथल्या मोरो मुसलमानांनी कितीतरी वर्षं सरकारशी लढाई केली, मग वाटाघाटी होऊन करार झाला. बंदुका मात्र अजून टप्प्याटप्प्यानेच जमा होतायत. गाडीत तिने सांगितलं, दुसऱ्या दिवशी बंदूक जमा करायची तिच्या धाकट्या भावाची, जमालची पाळी होती. बंदूक त्यांच्या वडिलांची, आणि वडील त्या लढाईतच गेलेले. जमालने कळवलं होतं, "तू मोठी आहेस. तू हो म्हणालीस तरच देईन."

"मग म्हण की हो. करार झाला ना, खलास!" मी घावनाची गुंडाळी करत बोलून गेले. लगेच जीभ चावली, पण त्याचा काय उपयोग? नोराने हातातलं घावन तसंच डब्यात परत ठेवलं.

वर वारा बोचरा होता. थंडीत जाणार असाल तर स्वेटर विसरू नका. कठड्याशी उभी राहून ती हळूच म्हणाली, "बाबांची तेवढीच एक वस्तू उरलीय घरात. आणि याआधीही करार मोडलेत. पुन्हा कोणी चालून आलं तर? मी इथे, आणि तो तिथे रिकाम्या हातांनी."

मी नुसता तिचा हात धरला. तेवढ्यात आमच्या दहा वर्षांच्या रेहानने विचारलं, "आंटी, डज ही लाइक द गन?"

नोरा त्याच्याकडे वळली. "नाही रे. लहानपणापासून घाबरतो तिला."

पायथ्याशी उतरल्यावर तिने जमालला फोन लावला. त्यांच्या भाषेतलं मला फक्त 'इन्शाल्ला' कळलं. बोलणं संपल्यावर ती मला बिलगून खूप रडली. मग तोंड धुऊन शेजारच्या टपरीवरून तिने खजुराच्या पातीची टोपली घेतली, पंचवीस दिरहमला. "म्हणजे सहाशे रुपये!" सलीम पुटपुटले. मी त्यांना कोपराने ढोसलं.

घरी आल्यावर फोटो पाहिले तर डोंगराचे मोजकेच निघाले. लक्षात राहिली ती नोरा, आणि माझा तो 'खलास'. करारावर सह्या झाल्यावरही घराघरात इतकं काही उरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परवा तिने जमालने पाठवलेला फोटो दाखवला. दाराजवळच्या ज्या खुंटीला बंदूक असायची, तिथे आता तिने पाठवलेली ती टोपली टांगलीय. खाली त्याने लिहिलंय, "बाहेर आवाज झाला की हात अजून तिकडेच जातो. हाताला अंडी लागतात."