पोपटाला दोन मार्क

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत आमच्या ऑफिसात पाणी सोडून सगळं साठलं. रिकामे खोके, जाहिरातवाल्यांची कॅलेंडरं आणि किस्से. कॅलेंडरं रद्दीत गेली, किस्से राहिले.

ऑफिस म्हणजे सिडकोतल्या एका घराच्या खालच्या दोन खोल्या. साळवे सर मोबाइलचे नवे गेम खेळायचे आणि ते कसे आहेत हे व्हिडीओत सांगायचे. शफीकभाई जाहिराती आणायचे. झाडू, चहा आणि टँकर मी बघायची. सातवी शिकलेल्या बाईला चार वर्षांची पोर सोबत आणू देणारं काम दुसरीकडं नव्हतं, मी पार शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत विचारून आले होते. त्यामुळं ऑफिस बंद पडायची धास्ती सरांपेक्षा मलाच जास्त. शफीकभाई फोनवर जरा हळू बोलले तरी मी झाडू थांबवून कान लावायची.

*

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून मी हौदापाशी बसून राहायची. एक दिवस सरांनी त्यांचा महागाचा फोन हातात दिला. म्हणाले, बसलाच आहात तर हा गेम खेळून बघा. मी घाबरले. म्हटलं, सर, फोन हौदात पडला तर?

"ताई, हौदात पाणी कुठंय?"

तेव्हापासून रीतच पडली. टँकर येईपर्यंत मी खेळायचं आणि दहापैकी मार्क माझ्या पोरीच्या, परीच्या पाटीवर लिहायचे. व्हिडीओच्या शेवटी सर तीच पाटी दाखवायचे. नियम एकच. ज्याला मार्क बदलायचेत त्यानं कॅमेऱ्यासमोर येऊन आपल्या हातानं पुसायचे. दोन वर्षांत मार्क कुणी पुसले नाय, फोन मात्र लई आले.

*

गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवाल्यांनी काजूकतली पाठवली. आलेली मिठाई सर उघडायचेच नाहीत, सगळी टँकरच्या ड्रायव्हरला जायची. संध्याकाळी कंपनीच्या माणसानं फोन करून गोड आवाजात विचारलं, मिठाई कशी वाटली? ड्रायव्हर समोरच पाइप गुंडाळत होता. सरांनी फोन त्याच्या कानाला लावला.

तो म्हणाला, "मिठाईला नऊ. गेम काय खेळलो नाय."

*

शेतीच्या गेमवाल्यांनी तर भेट म्हणून पंधरा रोपं पाठवली. प्यायला पाणी मिळायची मारामार आणि दारात ही पंधरा! मला टाकवेनात. भांडी धुतलेलं पाणी घालून मी ती जगवली. शफीकभाईंना वाटलं, रोपं जगवली म्हणजे मार्क बरे पडणार. मी चार दिले. सरांनी कारण विचारलं तर कॅमेऱ्यासमोर म्हटलं, "या गेममधली विहीर कधीच आटत नाही. बनवणाऱ्याला उन्हाळ्यात आठ दिवस आमच्या गावी पाठवा."

आठवड्यानं कंपनीची जाहिरात आली. वर ठळक अक्षरात: 'या गेममधली विहीर कधीच आटत नाही!' आणि खाली माझा फोटो.

पैठणहून सासूबाईंचा फोन आला. ती विहीर नेमकी कुठं आहे म्हणून विचारत होत्या.

*

आणि मग तो पोपट.

लहान मुलांचा गेम होता. पोपट पाळायचा, खाऊ घालायचा. खाऊसाठी हिरे लागायचे आणि हिरे खऱ्या पैशांनी घ्यायचे. नाही घेतले तर पोपट रडायचा. परी माझ्या मांडीवर बसून बघत होती. दुपारी ती भाकरीचा घास तोंडात घेईना. म्हणाली, आधी पोपटाला. मी पाटीवर दोन लिहिले.

शफीकभाई डोकं धरून बसले. "भाभी, दोन? वर्षाची जाहिरात आहे ही. गेली तर कुलूपच लावायचं." मी सरांकडं बघितलं. म्हटलं, सर, मी लिहायला चुकले का? सर म्हणाले, पाटी तुमची आहे, तुम्हीच सांगा. मला सांगता येईना आणि पुसवेना पण.

दोन दिवसांनी पुण्याहून कंपनीचे साहेब गाडी घेऊन आले. गोरेगोमटे, हसतमुख. त्यांना आठ हवे होते. सरांनी नियम सांगितला, कॅमेरा चालू केला आणि त्यांच्या हातात खडू दिला. साहेब म्हणाले, लिहितो की. पण आधी या ताईंना दाखवतो, पोरं किती खूश होतात ते. त्यांनी आपल्या फोनवर गेम लावला आणि परीला जवळ घेतलं.

पोपट रडला. परीनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी हसत हिरे घेतले. पोपटानं खाल्लं आणि पुन्हा रडला. आता परीचेही ओठ थरथरायला लागले. साहेबांनी परत घेतले. तिसऱ्यांदा घेताना ते हसले नाहीत. चौथ्यांदा परीनं भोकाड पसरलं. पोपट रडतोय, परी रडतेय, एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन साहेब घामाघूम.

शेवटी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, याला गप्प कसं करायचं?"

म्हटलं, "मला जमलं नाय साहेब. म्हणून तर दोन."

त्यांनी खडू पाटीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पोपटाचं रडणं ऐकू येत होतं.