बंद भोंग्यातला पुकारा

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे त्या चढाच्या धावपट्टीवर, मी पंधरा वर्षं माइक धरला. गाडा जुंपला की मालकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, बैलांची नावं, सगळं एका दमात. निशाण पडलं की "भिर्रर्र", आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपते न संपते तोच पुढच्याचा पुकारा. कागद कधी लागला नाही. मग शर्यतींवर बंदी आली आणि आमचं तोंड बंद झालं. बायकोला युट्रेख्टमध्ये आयटीत नोकरी लागली, तिच्यामागून मीही आलो. इथं गोदामात खोकी स्कॅन करतो. आठ तासांत चार शब्द बोलावे लागतात, त्यातले दोन गुड मॉर्निंग.

बंदी उठली ती मी इथं आल्यावर. आमचं नशीब हे असं.

गेल्या चैत्रात गावच्या यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "अण्णा, यंदा पुकारा तुमचाच. तिथूनच करा, व्हिडिओवर. रंगला तर पुढच्या वर्षीपासून घाटात माइक तुमच्या हातात." मी खुळा! दुसऱ्याच दिवशी गोदामात साहेबाला सांगून टाकलं, पुढच्या वर्षी महिनाभर सुट्टी लागेल. बायको म्हणाली, "अहो, आधी यंदाचं तर होऊ द्या." तिच्यावरच उखडलो.

रविवारी सकाळी फेटा बांधून लॅपटॉपसमोर बसलो. आवाज घुमू नये म्हणून तिकडचा आवाज मीच बंद ठेवला होता, समोर फक्त चित्र. पण धुरळा दिसला, निशाण दिसलं, आणि घसा आपोआप सुटला. खालच्या मजल्यावरची बाई दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. तेरा वर्षांची लेक शेजारी कानात इअरफोन घालून फोन बघत बसली होती. मधूनमधून मला कोमट पाणी देत होती. दोनदा तिनं बाही ओढली, मी झटकली. तीन तास बोललो. एका नावात चूक नाही. शेवटी अध्यक्षांचा मेसेज आला, "एक नंबर, अण्णा!"

आठवड्यानं कुणीतरी यात्रेचं रेकॉर्डिंग पाठवलं. पहिल्या बारीत गाडा वर पोचून बैल थांबले, तरी भोंग्यातून माझा गाडा अजून अर्ध्या वाटेतच पळत होता. इंटरनेटनं चार-पाच सेकंद खाल्ले होते. माणसं पोट धरून हसत होती. दुसऱ्या बारीपासून माझा भोंगा बंद, आणि शेजारगावचा कुणीतरी निवेदक कागदावरून नावं वाचतोय, तीही चुकीची. अध्यक्ष त्याच्याच बाजूला उभे होते. इतका संताप आला की फोन फेकणार होतो.

फेकला नाही, लेकीसमोर धरला. तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी तिच्या फोनवर हेच लाइव्ह चालू होतं.

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच येतं. इंग्रजीत म्हणाली ते असं, "सांगत होते, बाबा. दोनदा. तूच म्हणालास, मधे बोलू नकोस, गाव ऐकतंय."

लाज वाटली, दुसरं काय. सोमवारी साहेबाला सांगितलं, सुट्टी नको.