हलगी बसून ऐका की!

नेदरलँड्सचा व्हिसा आला त्या दिवशी मी स्कूटर होटगीपर्यंत अशी पिटाळली, की वाटेतले गतिरोधक कधी आले नि गेले कळलंच नाही. काका अंगणात हलगीवर कातडं ताणत बसले होते. माझे सख्खे चुलते, आणि हलगी शिकवली तीही त्यांनीच. मी फाटकातूनच ओरडले, "काका, आला व्हिसा! जायचं आपण!"

त्यांनी मान वर केली. "मिरवणूक कुणाची हाय?"

इथंच माझं डोकं फिरतं. हलगी म्हटलं की मिरवणूक, नाहीतर वरात. सोलापुरात मी वाजवायला लागले तेव्हापासून बघतेय, लोक हलगीवर नाचतात, लेझीम खेळतात, शिट्ट्या मारतात, पण बूड टेकून ऐकत कुणी नाही. वाजवून झालं की सनईवाले मांडवात आणि आम्ही बाहेर. तिकडच्या शोकेसमध्ये, म्हणजे कलाकारांनी आपला नमुना दाखवायच्या कार्यक्रमात मात्र मोठमोठे महोत्सव भरवणारी माणसं समोर बसणार होती. प्रत्येक कलाकाराला थोडा वेळ, आवडलं तर पुढच्या वर्षीचं बोलावणं. बोलावणं मला हवंच होतं. पण त्याहून जास्त हवं होतं ते लोकांनी गप बसून हलगी ऐकणं. एकदा तरी!

"बसून कोण ऐकंल? हलगी म्हंजे काय कीर्तन हाय व्हय?" काका म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला.

नट-बोल्टची फायबरची हलगी नेऊ या, ती शेकावी लागत नाही, असं मी सुचवून बघितलं. "डबडं वाजवायला एवढ्या लांब कशाला जायाचं?" म्हणाले. विषय संपला. कातड्याची हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते, तेव्हा कुठं आवाज कडक निघतो. आपल्याकडे मूठभर पाचट पेटवलं की झालं काम. तिकडे जाळ कुठं करायचा, हे आनंदाच्या भरात दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

विमानात काकांनी खिडकीला लावलेलं नाक काढलंच नाही. "अगं, ढग खाली हायती की!" हे त्यांनी शेजारच्या गोऱ्या बाईंनासुद्धा मराठीतून सांगितलं, आणि त्यांनीही मान डोलावली.

हॉल तर काय देखणा! आमच्या आधी एक बाई वीणेसारखं काहीतरी वाजवत होत्या आणि अख्खा हॉल चिडीचूप. टाचणी पडली तरी ऐकू यावी. विंगेत उभी राहून मी बघत होते. आता आपण, आता आपण! हात नुसते शिवशिवत होते.

आणि कानठळ्या बसवणारी घंटा वाजली. दिवे लागले, माणसं उठून दाराकडे निघाली. मी धावत आमच्या खोलीत गेले तर खोलीभर धूर, आणि काका हात धुवायच्या बेसिनमध्ये कागद पेटवून माझी हलगी शेकतायत! त्यांची शेकून झाली होती.

"हितल्या वल्या हवेनं पार भद्द झाल्या हुत्या गं. आता बघ कशा बोलत्यात."

"अहो काका, काय केलंत हे!" मी नळ सोडला आणि तिथंच मला रडू फुटलं.

सगळ्यांना रस्त्यावर काढलं. महोत्सववाले कोट आवळून कुडकुडत उभे. बंबाची गाडी आली. काकांनी हलगी खांद्याला अडकवली. "गार पडतील बघ. तापल्यावर थांबायचं नसतं." आणि त्यांचं टिपरू पडलं. कडाड्!

माझा राग गेला नव्हता. पण हात ऐकतायत कुठं? माझी हलगी कधी खांद्याला आली तेही समजलं नाही. काकांनी टाकावं, मी उचलावं, मी टाकावं, त्यांनी उचलावं. आधी पाय हलले, मग रिंगण झालं, मग बंबवाला एक जण शिरस्त्राणासकट नाचायला लागला. आहाहा, काय वाजवलं आम्ही! शपथेवर सांगते, तसं कधीच वाजवलं नव्हतं.

आत जायची परवानगी मिळाली तोवर आमची वेळ संपली होती. आयोजक बाईंनी हात जोडले, म्हणाल्या, पुढचे कलाकार खोळंबलेत. मी हलगी पिशवीत घालत होते, तेवढ्यात एका मोठ्या महोत्सवाचे प्रमुख घाम पुसत आले. म्हातारे गृहस्थ, नाचून लालेलाल. "पुढच्या उन्हाळ्यात या. तुमच्यासाठी अख्खा रस्ता बंद करतो."

मी काकांना सांगितलं. ते हरखलेच. "व्हय म्हण की! रस्ता बंद करतोय म्हनं!"

उडी मारावी की डोकं आपटावं? सातासमुद्रापार येऊन पुन्हा रस्ताच! मी त्या प्रमुखांना म्हणाले, "येतो. पण रस्त्यावर नाही. आत. तुम्ही बसायचं आणि ऐकायचं."

काकांनी माझी बाही ओढली. म्हाताऱ्यांचा घाम पुसणारा हात थांबला.

"पण आम्हाला बसवेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही बसवलं तर उठा," मी म्हणाले. "पण आधी बसा."